वडिलांना मधुमेह, आईला दमा, बहीण बाळंतपणाला येणार : फ्लूची लस कोणी आणि केव्हा घ्यावी?

प्रश्न : पेठेतली_लेक (शिवाजी पेठ, कोल्हापूर)

नमस्कार. वळवाचे पाऊस होऊन गेले, मृग तोंडावर आला आहे, आणि पावसाळ्यात आमच्या घरी एकाला ताप आला की तो घरभर फिरतो, हा दरवर्षीचा अनुभव असल्यामुळे या वेळी आधीच विचारावे म्हणून लिहीत आहे.

वडिलांचे वय ७१ आहे. त्यांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे, मध्यंतरी अँजिओप्लास्टी झाली असून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू आहेत. आईला दमा आहे आणि हवेत गारवा आला की तिला पंप हाताशी ठेवावा लागतो. धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येणार आहे. तिला सातवा महिना चालू असून तारीख श्रावणातली आहे. म्हणजे ऐन पावसात घरात तान्हे बाळ असेल.

वडिलांच्या हृदयरोगतज्ज्ञांनी फ्लूची लस घ्यायला सांगितले आहे. परंतु वडिलांचे म्हणणे असे, की साध्या थंडीतापासाठी सुई कशाला टोचून घ्यायची, आणि गल्लीतल्या एका काकांना तर लस घेतल्यावर आठवड्याच्या आतच ताप आला. दरवर्षी घ्यावी लागते ती लस कसली, हाही त्यांचा प्रश्न आहे. मला असे विचारायचे आहे, की ही लस खरोखर कोणाला आवश्यक आहे, कोणत्या महिन्यात घ्यावी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना दंडात इंजेक्शन घेतलेले चालते का, आणि स्वाइन फ्लूची लस वेगळी घ्यावी लागते का? ज्यांना माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे, म्हणजे मला ते वडिलांना वाचून दाखवता येईल.

उत्तर : ताराबाई_पार्क_डॉक्टर

ताई, आपल्या वडिलांचा आक्षेप मी फिजिशियन म्हणून काम करताना रुग्णांकडून इतक्या वेळा ऐकला आहे, की उत्तर तिथूनच सुरू करतो. पडसे आणि फ्लू ही दोन वेगळी दुखणी आहेत. पडसे नाकापासून सुरू होते, हळूहळू वाढते आणि माणूस कुरकुरत का होईना, आपली कामे करत राहतो. फ्लू बहुधा अचानक गाठतो. सकाळी ठणठणीत असलेला माणूस संध्याकाळी थंडी वाजून, अंग मोडून अंथरुणाला खिळतो. धडधाकट तरुण त्यातून आठवड्याभरात उठतो. परंतु ज्याचे हृदय, फुफ्फुस, मूत्रपिंड किंवा यकृत आधीच दुबळे आहे, त्याच्या बाबतीत फ्लू नुसता ताप म्हणून राहत नाही, तो जुने दुखणे उसळवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी २ लाख ९० हजार ते ६ लाख ५० हजार माणसे फ्लूमुळे होणाऱ्या श्वसनविकारांनी दगावतात, आणि त्यांत वृद्ध व दीर्घ आजाराचे रुग्णच अधिक असतात.

वडिलांना एक गोष्ट आवर्जून वाचून दाखवावी. २०१८ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात प्रयोगशाळेच्या तपासणीत फ्लू सिद्ध झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराचा झटका येण्याचे प्रमाण, त्याच रुग्णांच्या इतर काळाच्या तुलनेत, सुमारे सहापट आढळले. शरीरात दाह वाढतो, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, नाडी जलद होते आणि प्राणवायू कमी पडतो, अशी त्याची कारणे आहेत. पुढे २०२१ मध्ये आठ देशांतील रुग्णांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात प्रामुख्याने हृदयविकाराचा झटका येऊन रुग्णालयात आलेल्यांपैकी काहींना तिथेच फ्लूची लस दिली आणि इतरांना नुसते सलाइनचे पाणी टोचले. वर्षभरात मृत्यू, पुन्हा झटका किंवा स्टेंटमध्ये (रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीत) गुठळी यांपैकी काही घडलेल्यांचे प्रमाण लस घेतलेल्यांत ५.३ टक्के, तर इतरांत ७.२ टक्के निघाले. हृदयरोगतज्ज्ञ या लसीचा आग्रह धरतात तो यामुळे.

आता गल्लीतल्या काकांविषयी. दंडात टोचण्याच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्यातून फ्लू होऊच शकत नाही. दंड दुखणे, एखादा दिवस कणकण राहणे, अंग दुखणे हे होते आणि ते आपोआप ओसरते. मात्र संरक्षण निर्माण व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. त्या मुदतीत फ्लूची लागण झाली तर आजार होऊ शकतो. शिवाय पावसाळ्यात ताप आणणारे इतर विषाणू ढीगभर असतात आणि त्यांच्यावर या लसीचा उपयोग नाही. हे आधी नीट सांगितले नाही, की पहिल्या शिंकेलाच लोकांचा लसीवरचा विश्वास उडतो. ज्या वर्षी लसीतील घटक फिरत असलेल्या विषाणूंशी चांगले जुळतात, त्या वर्षीसुद्धा फ्लूसाठी डॉक्टरांकडे जाण्याची वेळ येण्याचा धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो, शंभर टक्के नव्हे. पण लस घेतलेल्याला फ्लू झालाच, तर तो अतिदक्षता विभागापर्यंत जाण्याची शक्यता घटते, आणि आपल्या वडिलांसारख्या रुग्णासाठी मी त्यालाच अधिक महत्त्व देतो.

दरवर्षी घ्यावी लागण्याचे कारण विषाणूच्या स्वभावात आहे. तो आपले बाह्य आवरण सतत थोडेथोडे बदलतो, आणि आपल्या शरीरातली विषाणूशी लढणारी प्रतिपिंडेही (अँटिबॉडीज) काही महिन्यांत ओसरू लागतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी, लसीत कोणते विषाणू असावेत याची शिफारस करते. ज्याला आपण स्वाइन फ्लू म्हणतो, तो २००९ साली आलेला एच१एन१ आता दरवर्षीच्या फ्लूचाच एक भाग झाला असून या लसीत त्याचा समावेश असतो. वेगळी लस घ्यावी लागत नाही.

वेळेविषयी सांगायचे, तर आपल्याकडे फ्लूचे रुग्ण वर्षातून दोनदा वाढतात, जानेवारी ते मार्च आणि पुन्हा पावसाळ्यात. कोल्हापूरच्या पावसाचा मान पाहता मे महिना किंवा जूनचा पहिला पंधरवडा उत्तम, म्हणजे धुवाधार पाऊस सुरू होऊन घराच्या खिडक्या बंद होण्याआधी शरीर तयार असते. आपण विचारता आहात ती वेळ अगदी योग्य आहे. उशीर झाला म्हणून पुढच्या वर्षावर मात्र ढकलू नये. श्रावणात घेतलेली लसही उपयोगाचीच असते.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तसे आधी सांगावे, बारीक सुई वापरायला सांगावी आणि टोचल्यानंतर ती जागा न चोळता किमान दोन मिनिटे दाबून धरावी. गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. आईंनी नाकात फवारण्याची जिवंत विषाणूची लस घेऊ नये, दंडातलीच घ्यावी. दमा हे लस टाळण्याचे नव्हे, घेण्याचे कारण आहे. पूर्वी फ्लूच्या लसीनंतर तीव्र ॲलर्जीची प्रतिक्रिया आली असेल तर ती पुन्हा घेऊ नये, आणि गिया-बारे नावाचा मज्जातंतूंचा आजार होऊन गेला असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावे. अंगात बऱ्यापैकी ताप असेल त्या दिवशी थांबावे. नुसते नाक वाहते म्हणून थांबण्याची गरज नाही. न्यूमोनियाची लस दोघांनीही घेतलेली नसेल तर तीही विचारून घ्यावी, कारण फ्लूच्या मागोमाग येणारा जिवाणूंचा न्यूमोनिया ही या वयातली मोठी भीती असते. दोन्ही लसी एकाच दिवशी, वेगवेगळ्या दंडांत देता येतात.

उत्तर : औषधविक्रेता_लक्ष्मीपुरी

डॉक्टरसाहेबांनी वैद्यकीय बाजू मांडली आहेच. मी दुकानाच्या काउंटरवरून दिसणाऱ्या दोन-तीन गोष्टी सांगतो.

ही लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानातच राहिली पाहिजे. ती उन्हात तापली तर बिघडतेच, पण गोठली तरी निकामी होते, आणि हे अनेकांना ठाऊक नसते. लोक लस विकत घेतात, बर्फाच्या खड्याला चिकटवून पिशवीत टाकतात, वाटेत महाद्वार रोडची खरेदी उरकतात आणि मग दवाखान्यात जातात. असे करू नये. शक्यतो ज्या दवाखान्यात लसींसाठी स्वतंत्र फ्रीज आहे तिथेच ती घ्यावी. दुकानातून न्यावीच लागली तर डॉक्टर बसले आहेत याची खात्री करून, थंड डब्यातून, लसीला बर्फाचा थेट स्पर्श होऊ न देता सरळ तिकडे न्यावी. घरच्या फ्रीजच्या दारात ठेवून 'सवडीने घेऊ' म्हणू नये, कारण पावसात वीज किती वेळ जाईल याचा भरवसा नसतो.

खोक्यावर मुदत संपण्याच्या तारखेबरोबर ती लस कोणत्या हंगामाची आहे हेही छापलेले असते. ते वाचून पाहावे आणि मागच्या हंगामाची असल्यास नम्रपणे नकार द्यावा. काही ग्राहक तीन घटकांची चांगली की चार घटकांची, असे विचारतात. चौथा घटक बी-यामागाता या प्रकारच्या विषाणूसाठी होता, परंतु तो मार्च २०२० नंतर जगात कुठेही निश्चितपणे आढळलेला नाही, आणि त्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेने आता तीन घटक पुरेसे आहेत असे म्हटले आहे. तेव्हा चालू हंगामाची जी मिळेल ती घ्यावी, घटकांच्या संख्येसाठी अडून बसू नये.

प्रतिसाद : उद्यमनगर_कामगार

मला खर्चाविषयी विचारायचे आहे. खासगी दवाखान्यात एका माणसाला दीड-दोन हजार रुपये सांगतात. आमच्या घरात आई, वडील आणि दोन मुले धरून सगळ्यांनी घ्यायची म्हटली तर महिन्याचे गणित कोलमडते. सगळ्यांना जमणार नसेल तर आधी कोणाला द्यावी?

उत्तर : ताराबाई_पार्क_डॉक्टर

दादा, हा प्रश्न अगदी रास्त आहे. ही लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाही, त्यामुळे बहुतेकांना ती खिशातूनच घ्यावी लागते. तरीही सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा महापालिकेच्या जवळच्या आरोग्य केंद्रात, अतिजोखमीच्या रुग्णांसाठी साठा आला आहे का, याची चौकशी करावी. विचारायला संकोच करू नये.

निवड करावीच लागली तर मी असा क्रम लावीन. घरात गरोदर स्त्री असेल तर पहिली ती. त्यानंतर हृदयविकार, मधुमेह, दमा किंवा फुफ्फुसांचा जुना विकार, मूत्रपिंडाचा आजार, डायलिसिस, कर्करोगाचे उपचार, किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी स्टेरॉइडसारखी औषधे चालू असलेली माणसे. त्यानंतर पासष्टीच्या पुढचे इतर ज्येष्ठ आणि पाच वर्षांखालील मुले, त्यांतही दोन वर्षांखालील आधी. सहा महिने ते आठ वर्षे वयाच्या मुलाला ही लस पहिल्यांदाच देत असाल, तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात, हे खर्चात धरावे. घरातले धडधाकट कर्ते सर्वांत शेवटी. मात्र रुग्णाची सेवा करणारी व्यक्ती त्याला अपवाद आहे, कारण रुग्णापर्यंत विषाणू बहुधा तिच्यामार्फतच पोहोचतो.

उत्तर : शिरोली_एमआयडीसी

लसीविषयी वर सगळे आले आहे. मी आजार प्रत्यक्ष घरात आल्यावर काय होते ते सांगतो, कारण ते पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. माझ्या वडिलांचा जन्म फाउंड्रीत गेला. साच्यांची वाळू, भट्टीचा धूर आणि वर विडी, यांमुळे त्यांच्या फुफ्फुसांना सीओपीडीचा, म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद होण्याचा, विकार जडला आहे. गेल्या पावसाळ्यात त्यांना फ्लू झाला तेव्हा ताप जवळजवळ नव्हताच. सकाळी त्यांनी चहाची बशी तोंडाला लावली आणि न पिता खाली ठेवली, भाकरीला हात लावला नाही आणि दुपारी माझ्या पत्नीला 'आज दुसऱ्या पाळीला जायचे आहे' असे म्हणाले. निवृत्त होऊन कैक वर्षे झालेला माणूस पाळीची भाषा बोलू लागला, तेव्हा तिने बोटाला ऑक्सिमीटर लावला. रक्तातल्या प्राणवायूचा आकडा ८८ पर्यंत उतरला होता. आम्ही त्याच पावली रुग्णालय गाठले.

तिथल्या डॉक्टरांनी जे समजावले ते इथे नोंदवतो. वयस्कर माणसाला फ्लूमध्ये ताप येईलच असे नाही. खाणे सुटणे, ग्लानी, असंबद्ध बोलणे किंवा चालताना तोल जाणे हीच पहिली खूण असू शकते. ऑसेलटामिविर हे विषाणूविरोधी औषध लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केले तर त्याचा गुण सर्वाधिक येतो, म्हणून अतिजोखमीच्या रुग्णात घशाच्या नमुन्याचा अहवाल येण्याची वाट पाहत नाहीत. ४८ तास उलटले म्हणून ते द्यायचेच नाही असेही नाही; आजार गंभीर असेल तर तेव्हाही देतात. आमच्याकडे ते अहवालाआधीच सुरू झाले आणि वडील सुखरूप घरी आले.

शासनाच्या मार्गदर्शनात फ्लूच्या रुग्णांचे ए, बी आणि सी असे वर्ग केलेले आहेत. सौम्य लक्षणांचा धडधाकट माणूस ए वर्गात घरीच विश्रांती घेतो. तीच सौम्य लक्षणे मधुमेह्याला, हृदयरुग्णाला, गरोदर स्त्रीला किंवा ज्येष्ठाला असतील तर ती व्यक्ती बी वर्गात मोडते आणि तिला डॉक्टरांनी औषध द्यायचे असते. धाप, छातीत दुखणे, रक्तदाब उतरणे, थुंकीत रक्त, ओठ-नखे निळसर होणे यांपैकी काहीही दिसले तर तो सी वर्ग, म्हणजे थेट रुग्णालय. शेजाऱ्याच्या तापाला चालले तेच आपल्या वडिलांना चालेल असे धरून घरी दोन दिवस काढू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. दुकानातून आणलेले अँटिबायोटिक विषाणूवर काही करत नाही. त्यात फक्त वेळ जातो.

आणखी एक गोष्ट खास आपल्या भागासाठी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात किती कुटुंबांना शाळांत आणि मंगल कार्यालयांत एकत्र राहावे लागले हे आपण पाहिले आहे. अशा दाटीत श्वसनाचे आजार झपाट्याने पसरतात. ज्यांची घरे पंचगंगेच्या पूररेषेजवळ आहेत, त्यांनी तर जोखमीच्या माणसांची लस पाऊस वाढण्याआधीच उरकून घ्यावी आणि औषधांची चिठ्ठी, पंप, इन्सुलिन, मास्क असे सारे एका पिशवीत तयार ठेवावे.

उत्तर : ताराबाई_पार्क_डॉक्टर

शिरोलीच्या बंधूंनी लिहिलेले प्रत्येक वाक्य महत्त्वाचे आहे. त्यात थोडी भर घालतो. मूत्रपिंड अधू असेल तर ऑसेलटामिविरची मात्रा कमी करावी लागते, म्हणून रक्त तपासणीचे जुने अहवाल सोबत न्यावेत. तापासाठी पॅरासिटामॉल पुरे. अंगदुखीची इतर वेदनाशामके हृदयरुग्णाने आणि मूत्रपिंडाच्या रुग्णाने मनाने घेऊ नयेत. मुलांना ॲस्पिरिन अजिबात देऊ नये. मधुमेही माणसाची जेवणाची इच्छा गेली की घरचे लोक इन्सुलिनही बंद करतात, हे धोक्याचे आहे, कारण तापात साखर बऱ्याचदा चढते. साखर दिवसातून अधिक वेळा तपासावी, पाणी व पेज देत राहावे आणि कोणती गोळी थांबवायची, कोणती चालू ठेवायची, हे फोन करून का होईना डॉक्टरांनाच विचारावे.

प्रतिसाद : पेठेतली_लेक

सर्वांचे मनापासून आभार. वडिलांना सारे वाचून दाखवले; सहापटीचा आकडा त्यांनी दोनदा वाचायला लावला आणि या आठवड्यात आईसोबत लस घ्यायला तयार झाले आहेत. आता बहिणीचे तेवढे राहिले. तिच्या सासूबाईंना वाटते, की पोटात बाळ असताना कोणतीही जादा लस नको. आणि बाळ आल्यावर बारशाला, बाळ बघायला पाहुण्यांची रीघ लागेल, तेव्हा काय काळजी घ्यावी?

उत्तर : निवृत्त_परिचारिका_कसबा_बावडा

ताई, प्रसूती विभागात माझी सारी नोकरी गेली, म्हणून हे उत्तर मी देते. सासूबाईंची काळजी मायेपोटी आहे, तेव्हा त्यांना दुखावून नव्हे, शेजारी बसवून समजावावे. दंडात टोचण्याची फ्लूची लस गरोदरपणाच्या कोणत्याही महिन्यात घेता येते, आणि ती गरोदर स्त्रियांना द्यावी अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. गरोदरपणात पोट वाढते तशी फुफ्फुसांना जागा कमी पडते, हृदयावरचा भार वाढतो आणि प्रतिकारशक्तीची ठेवणही बदलते, त्यामुळे या काळातला फ्लू गंभीर वळण घेऊ शकतो. २००९ च्या साथीत जगभरात गरोदर स्त्रियांना त्याचा फार मोठा फटका बसला होता.

दुसरे कारण बाळाचे आहे आणि सासूबाईंना तेच अधिक पटेल. सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला ही लस देताच येत नाही. आई गरोदरपणी लस घेते तेव्हा तिच्या रक्तातली प्रतिपिंडे नाळेतून बाळाला मिळतात आणि जन्मानंतरचे पहिले काही महिने तेच त्याचे कवच असते. सातवा महिना चालू आहे, म्हणजे बाळंतपणापर्यंत प्रतिपिंडे तयार होऊन बाळाकडे जायला हाताशी पुरेसा वेळ आहे. तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून ती सासरी असतानाच घ्यावी किंवा इथे आल्या आल्या घ्यावी.

बारसे जरूर करावे, पण बाळाला हातोहात फिरवू नये. आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत खिडक्या लावून, शेगडी पेटवून, दहा बायका दाटीने बसलेल्या मी पाहिल्या आहेत; ती हवा कोंडते आणि एकीचा खोकला सगळ्यांना मिळतो. पाऊस आत येणार नाही अशी एखादी खिडकी उघडी ठेवावी. फ्लूचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच विषाणू पसरवू लागतो आणि पुढे पाच ते सात दिवस पसरवत राहतो, त्यामुळे 'आता बरं वाटतंय' म्हणणाऱ्या पाहुण्यालाही दारातूनच बाळ दाखवावे. बाहेरून आलेल्याने साबणाने हात धुतल्याशिवाय बाळाला घेऊ नये, आणि बाळाचा मुका कोणीच घेऊ नये. आजी-आजोबा लस घेत आहेत ते उत्तमच. बाळाला सांभाळणारी आपण आणि मेहुणे यांनीही घ्यावी.

बहिणीला स्वतःलाच फ्लू झाला तर अंगावर पाजणे बंद करायचे नाही. आईचे दूध बाळाला संरक्षणच देते. तिने मास्क लावावा, हात धुऊन बाळाला घ्यावे आणि एरवी त्याची झोपण्याची जागा थोडी दूर ठेवावी. फारच अशक्तपणा असेल तर काढलेले दूध वाटी-चमच्याने दुसऱ्याने पाजावे. तिला ताप आला तर डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवावे, कारण बाळंतपणानंतरचे पहिले दोन आठवडेही जोखमीचेच धरतात.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, किंवा त्याहून अधिक ताप आला, ते दूध ओढेनासे झाले, त्याचा श्वास जलद चालू लागला किंवा बरगड्यांखाली छाती आत ओढली जाऊ लागली, तर बाळगुटी, शेक, धुरी यांत वेळ न घालवता, रात्र असली तरी, थेट बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे. थर्मामीटर आत्ताच आणून ठेवा.